आवाज तोच पाहिजे

‘इंजिन बदलून द्या’ असं गिऱ्हाईक ज्या सहजपणे म्हणतं ना, ते ऐकून माझं डोकं फिरायचं. त्याला वाटतं, बल्ब बदलतात तसं जुनं काढलं, नवं लावलं, चहा पिऊन गाडी घरी. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज होतं. आता तिथं मोबाईलचं दुकान झालंय. पण जेवढी वर्षं गॅरेज चाललं तेवढी वर्षं मी लोकांना एकच गोष्ट समजावत आलो, की बाबांनो, इंजिन बसवायला वेळ लागत नाही, ते बसेल की नाही हे ठरवायला लागतो.

ठरवायचं म्हणजे काय, ते सांगतो. इंजिन गाडीत नुसतं ठेवलेलं नसतं. खाली ते रबराच्या उशांवर टेकलेलं असतं, मागं गिअरबॉक्सला जोडलेलं असतं, पुढं रेडिएटर असतो आणि बाजूनं धूर बाहेर नेणारा पाइप असतो. दुसऱ्या जातीच्या गाडीचं इंजिन आणलं की यातलं काहीच जुळत नाही. उंची वाढली तर बॉनेट लागत नाही. खालचा तेलाचा चेंबर भलत्या जागी आला तर तो आडव्या पट्टीला घासतो. वजन वाढलं तर गाडी पुढून नाक खाली करून चालते. म्हणून मी आधी खोक्याच्या फळ्यांचा इंजिनाएवढा सांगाडा करायचो आणि तो गाडीत उतरवून बघायचो. शेजारचे पंक्चरवाले म्हणायचे, ‘मिस्त्री, देव्हारा करताय का?’ म्हणू दे. लोखंड कापून झाल्यावर रडण्यापेक्षा लाकूड कापून हसलेलं बरं.

नव्वद सालानंतर आमच्या भागात डिझेल इंजिनाचं वेडच आलं. ज्याच्याकडं जुनी जीप त्याला डिझेल पाहिजे. सोमेश्वरनगरकडचे एक बागायतदार आले, म्हणाले, हे एवढं मोठं इंजिन माझ्या जीपमध्ये बसवा. मी म्हटलं, तात्या, ही जीप ते सोसणार नाही. त्यांनी रागानं दुसरीकडून बसवून घेतलं आणि महिनाभरात परत आले. ‘मिस्त्री, गाडी हालतीया ते हालतीया, माझं दात बी हालाय लागलं,’ म्हणाले. मी बरोबर होतो याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मेकॅनिक हा प्राणीच असा असतो. गिऱ्हाइकाची गाडी बिघडलेली असली तरी आपलं म्हणणं खरं ठरलं की तो खूश.

अशा गमती पुष्कळ आहेत आणि या अंकाच्या संपादकांनी त्याच मागितल्यात. पण लिहायला बसलं की मला वरकुट्याची मायनर आठवते, आणि ते काम काही गमतीचं नव्हतं.

एके सकाळी ट्रॅक्टरला टोचन लावून ती गाडी माझ्या दारात आली. मायनर म्हणजे जुनी, बुटकी, गोल पाठीची विलायती गाडी. आमच्या भागात तेव्हाच फार थोड्या उरल्या होत्या. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बाई बसलेली. त्या काळात आमच्याकडं बाई स्टिअरिंगवर दिसली की रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवून बघायचा. मीही पाना हातात धरून बघत राहिलो.

खाली उतरून तिनं सांगितलं, ती इंदापूरच्या अलीकडं वरकुट्याची, नाव प्रज्ञा. नवरा मिलिंद पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होता. कालव्याचं पाणी कुणाच्या रानाला कधी सोडायचं ते बघणारा माणूस. घराण्यात पहिली सरकारी नोकरी त्याची आणि वस्तीतली पहिली मोटारही त्याचीच. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबाकडून त्यानं ही मायनर घेतली होती. वर्षापूर्वी तो ऑफिसच्या मोटरसायकलवरून येताना रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं ना लाल दिवा, ना कापड. जागीच गेला.

हे सगळं तिनं पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मुख्य ओतीव भागालाच, म्हणजे ब्लॉकला, तडा गेलेला. एका बाजूनं पाणी गळत होतं, क्रँक तर पार झिजून गेलेला. त्या इंजिनाचे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं.

मी म्हटलं, “ताई, हे गेलं. दुसरं इंजिन टाकावं लागंल. डिझेल टाकू का?”

ती म्हणाली, “कुठलंबी टाका. पण आवाज ह्योच पाहिजे.”

माझ्याकडं आवाज नको म्हणणारे आले होते. कॉलेजची पोरं आवाज वाढवा म्हणत यायची. पण इंजिन दुसरं आणि आवाज हाच, असं कुणी मागितलं नव्हतं. मला वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून म्हणत असेल. मी जरा चिडूनच म्हटलं, “ताई, आवाज काय डब्यात भरून ठेवता येतो व्हय?”

तेव्हा ती बाकावर बसली आणि तिनं खरं काय ते सांगितलं.

मिलिंदची आई, भागाबाई, घरी होती. डोळे गेलेले, पाय गेलेले, आणि म्हातारपणानं डोक्यात काही टिकत नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, “पैल्यांदा सांगितलं तवा आईंनी ऊर बडवला. सगळी वस्ती गोळा झाली. सकाळी उठल्या आन् इचारलं, मिलिंद पाण्याच्या पाळीला गेलाय का. मग पुन्यांदा सांगितलं. पुन्यांदा तसाच ऊर बडवला. किती बारी सांगावं? दर बारीला त्यांच्यासाठी त्यो आताच मेलेला. शेवटी शेजारच्या बायकाच म्हणल्या, बास कर बाई, आमालाच बघवंना.”

मग सांगणं थांबवलं. पण संध्याकाळ झाली की भागाबाई वाट बघायची. लेक आल्याशिवाय जेवायची नाही. ताट सारून द्यायची. वाळून काडी झाली. त्यातच मायनर विकायला काढलेली. गिऱ्हाईक एक फेरी मारून दारात आलं आणि आतून म्हातारी म्हणाली, “आला गं. वाढ त्याला.” आणि स्वतःही जेवली.

“त्या दिवसापासनं गाडी इकली न्हाय,” प्रज्ञा म्हणाली. “मी शिकले चालवाय. दिवस मावळताना गाडी चारीच्या पल्याड न्यायची आन् फिरवून दारात आणायची. तेवढंच येतं मला. बाजारात न्हाय नेत कधी. आता गाडी बंद पडली आन् आईंनी ताट सारलं पुन्हा.”

बोलता बोलता तिनं आणखी एक सांगितलं. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळत होती, पण पुण्याच्या ऑफिसात. “हजर कधी होताय म्हणून इचारत्यात. पण संध्याकाळी हितं कोण?” मी मान हलवली. माझं लक्ष तेव्हा ब्लॉकच्या तड्याकडं होतं.

आता माझ्या धंद्याची एक रीत सांगतो. बिघाड कुठं आहे हे गाडी सांगते, पण गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे गाडी कशी सांगणार? मी प्रज्ञाला विचारलं, म्हातारी नेमका कुठला आवाज ओळखते? तिला काय माहीत! ती तर गाडीत असायची. मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, “सोडू नको टोचन. माघारी चल.” तो वैतागला. “आत्ता आणली की हो!” पण निघाला. भवानीनगर, लासुर्णे करत आम्ही त्या मेलेल्या गाडीची पुन्हा वरात काढली.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण सारवलेलं लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लेकाचा फोटो. फोटोला हार नव्हता. म्हातारी बाजेवर भिंतीला टेकून बसलेली. मी जवळ बसलो तशी तिनं माझा हात चाचपला.

“मिस्त्री का?” म्हणाली.

“कसं वळखलं आई?”

“राकेलचा वास येतोय तुज्या अंगाला. मिलिंदकडं आलास व्हय? बस. येईलच आता त्यो. पाण्याची पाळी हाय, लोक सोडत न्हाईत त्याला. ह्याला पाणी दे, त्याला पाणी दे. भांडणं हुत्यात रे. पर माजा ल्योक कुणाचं पाणी तोडत न्हाय.”

व्हय आई, म्हटलं.

दिवस मावळायला प्रज्ञानं रेडिएटरमध्ये घागरभर पाणी ओतून गाडी कशीबशी सुरू केली आणि चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, पलीकडं नेली. मी म्हातारीच्या तोंडाकडं बघत बसलो. डॉक्टर नाडी धरतो तसं म्हणा. लांबून इंजिनाची घरघर यायला लागली. म्हातारी हलली नाही. गाडी चारीच्या पुलावर चढली, तरी नाही. पूल ओलांडला की वाट खाली उतरते, तिथं चालवणारा अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पाय काढला की मायनरच्या मागच्या पाइपातून फट-फट-फुर्र असा एक ओला आवाज यायचा. त्या गाडीची ती जन्मजात खोड. तो आवाज आला आणि म्हातारीनं मान वळवली.

“खोकली बघ गाडी,” म्हणाली. “आला.”

पुढं दारात वळताना पहिल्या गिअरचं रडं ऐकू आलं, तेव्हा तर तिनं नीट बसून पदरही सावरला. जुन्या गाड्यांचा पहिला गिअर असा रडतोच. दार लागल्याचा आवाज झाला तोवर तिची खात्री पटलेली होती.

मला जे पाहिजे होतं ते कळलं. म्हातारी इंजिन ऐकतच नव्हती. ती मागचा पाइप ऐकत होती आणि गिअरबॉक्स ऐकत होती. म्हणजे इंजिन कुठलंही चालणार होतं. गिअरबॉक्स आणि पाइप मात्र जुनेच ठेवायला पाहिजे होते. मी इतका खूश झालो की तिथंच उठून पुडीतला तंबाखू मळायला लागलो.

मग प्रज्ञा आत आली. म्हातारीनं हात पुढं केला आणि तिची मनगटं चाचपली. बांगड्या होत्या. हिरव्या, काचेच्या, भरगच्च. “हातपाय धुतोय त्यो,” प्रज्ञा म्हणाली आणि दोन ताटं घेतली. एकातलं म्हातारीला भरवत होती. दुसरं शेजारी ठेवलेलं, त्यातली वाटी मधूनच जरा आपटायची, तांब्या सरकवायची. म्हातारी चावत चावत ऐकत होती. जेवण झालं आणि तिला तिथंच डुलकी लागली. मग प्रज्ञानं ते दुसरं ताट पुढं ओढलं आणि गार भाकरी खायला लागली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मलाही तिथं बसवेना, मी ट्रॅक्टरवर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बारामतीत आणली आणि कामाला लागलो. डिझेल बाद केलं. डिझेलची खडखड एवढी असते की मागच्या पाइपातलं काही ऐकूच आलं नसतं. शिवाय पुढचं वजन दुप्पट झालं असतं. मग पेट्रोलचं कुठलं? तेव्हा मुंबईच्या टॅक्स्या डिझेलवर जात होत्या आणि त्यांची काढलेली पेट्रोल इंजिनं पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगानं येत होती. त्यातलं एक चांगलं बघून आणलं. ते मी पूर्ण खोललं, बोअर करून घेतलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं घातलं. आरटीओत इंजिन नंबर बदलून घ्यायला लागतो, तेही रीतसर केलं.

फळ्यांचा सांगाडा मायनरमध्ये उतरवला तर चेंबर पुढं घासत होता. म्हणजे चेंबर कापून मागं वाढवायचा. पंखा रेडिएटरला लागत होता, म्हणजे रेडिएटर पुढं सरकवायचा. सगळ्यात अवघड काम म्हणजे टॅक्सीचं इंजिन आणि मायनरचा गिअरबॉक्स यांचं लग्न. दोघांच्या बोल्टाची भोकं जुळत नाहीत. मध्ये एक जाड लोखंडी पाट घालावा लागतो, एका बाजूला याची भोकं, दुसऱ्या बाजूला त्याची. तो केसभर जरी तिरका बसला तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग काही दिवसांत खलास. माझा लेथवाला रफिकभाई अशा कामाला देवमाणूस. त्यानं पाट केला, मी परत पाठवला. पुन्हा केला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा तो स्वतः घेऊन आला. “आता याला नावं ठेवलीस तर हा तुझ्या डोक्यात घालीन,” म्हणाला. तो पाट आरशासारखा बसला.

या सगळ्याला वेळ जात होता आणि तिकडं म्हातारी जेवत नव्हती. प्रज्ञानं सांगून बघितलं, मिलिंद उजनीला ड्यूटीवर आहे, मुक्कामी आहे. म्हातारी म्हणायची, “मंग आला की जेवू.” वस्तीतल्या एकानं डोकं चालवलं. त्या संध्याकाळी गाडी पुलावरून दारात येताना त्यानं टेपरेकॉर्डरवर तिचा आवाज भरून घेतला होता. संध्याकाळी दाराबाहेर तो लावला. म्हातारी जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “त्यो रेडू बंद करा. माज्या लेकाची गाडी ऐकू येणार न्हाय.”

हे सांगायला प्रज्ञा एसटीनं गॅरेजला आली होती. मी गाडीखाली होतो. तिचे पाय दिसत होते, चपलेला दोरी बांधलेली. म्हातारी कशी आहे, विचारलं. पेज जाते थोडी, म्हणाली. मी पाना फिरवत होतो.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “लई अवघड काम हाय न्हवं?”

“अवघड हाय. पण होतंय.”

“न्हाय झालं तरी… तुमी होत न्हाय म्हणून सांगितलं तरी चालंल. मी कुणाला काय म्हणणार न्हाय.”

मी सरपटत बाहेर आलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढा पाट बसवला, चेंबर कापला, आणि ही बाई म्हणते होत नाही म्हणून सांगा! “ताई,” म्हटलं, “माज्या गॅरेजातनं काम न होता गाडी गेलेली न्हाय अजून. आठवड्यात गाडी दारात आणून देतो. तुमी घरी जावा.”

ती उठली. बरं म्हणाली आणि एसटी स्टँडकडं गेली.

कुणी म्हणेल, तुम्हाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मला काय कळणार होतं? मिस्त्रीकडं गाडी येते ती चालू करायला. बंदच राहू दे, असं मनात धरून कोण गाडी आणतं? आणि तसं असेल तर तोंडानं सांगावं ना. पण ते तोंडानं सांगता येण्यासारखं नव्हतं. माझ्यासमोर नाही आणि स्वतःशीही नाही.

इंजिन बसलं. पहिल्या सेलला सुरू झालं आणि असं चाललं की वर पाण्याचा पेला ठेवावा. रफिकभाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी गाडी रस्त्याला काढली, उतारावर पाय काढला आणि कान देऊन ऐकलं. काही नाही. गाडी गप्प. जुना पाइप, जुना सायलेन्सर, सगळं जुनंच होतं, पण इंजिन इतकं निरोगी झालं होतं की गाडी खोकेचना!

मग दोन दिवस मी माझंच काम बिघडवत होतो. उभ्या आयुष्यात असलं काम केलं नव्हतं. धुराच्या पाइपाला जिथं सांधा असतो तो मेकॅनिक घट्ट आवळतो, तिथून हवा गेली की पाइपात फटाके वाजतात आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. मी तो सांधा ढिला केला. थोडा जास्त ढिला झाला तर गाडी बंदुकीसारखी वाजली, चहावाल्याची म्हैस दावं तोडून पळाली. पुन्हा आवळला. पातळ पत्र्याची चकती कापून मध्ये घातली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जरा वाढवलं. उतारावर जायचं, पाय काढायचा, ऐकायचं, माघारी यायचं. शेवटी एकदाचं पाइपातून निघालं, फट-फट-फुर्र. तसंच, ओलं.

गाडी मी स्वतः वरकुट्याला नेली. दिवस मावळायच्या आत पोचलो, चारीच्या अलीकडंच थांबलो आणि प्रज्ञाला निरोप पाठवला. ती आली, स्टिअरिंगवर बसली. मी पायी पुढं जाऊन म्हातारीजवळ बसलो. म्हातारी फार उतरली होती. मनगटाची हाडं वर आलेली. या वेळी मला तिनं ओळखलं नाही, वासावरूनही नाही.

लांबून घरघर आली. पुलावर चढली. उताराला लागली. पाइप खोकला.

म्हातारीनं मान वळवली नाही. मग तिनं हळूच भिंतीचा आधार घेतला, उठून बसायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “लई उशीर केला आज.”

त्या संध्याकाळी ती भाकरी कुस्करून दुधात खात होती आणि मी अंगणात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. एवढा आनंद मला स्वतःचं गॅरेज टाकलं त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. म्हातारी झोपल्यावर प्रज्ञा बाहेर आली. मला थांबवेना. पाट कसा केला, चेंबर कसा कापला, सांध्याची युक्ती कशी सुचली, सगळं तिला सांगितलं. ती ऐकत होती. बांगड्या मनगटावर वर सारत होती, त्या पुन्हा खाली येत होत्या.

“किती दिवस टिकंल हे?” तिनं विचारलं.

आता हा प्रश्न मेकॅनिकला विचारायचा म्हणजे! माझी छाती फुगली. “दिवस? ताई, आतनं सगळं नवं हाय. तेल तेवढं येळंवर बदला. वीस वर्षं बघायला नको. तुमी थकाल, इंजिन थकायचं न्हाय.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रडली बिडली नाही. नुसतं म्हणाली, “वीस वर्षं.” आणि खाली पायरीवर बसली. आतून म्हातारीनं झोपेतच हाक मारली, “मिलिंदला पांघरूण घाल गं.” “घातलं आई,” ती बसल्या जागेवरून म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजिन गेलं तेव्हा ही बाई सुटत होती. तिनं ते सुटणं स्वतःच टोचन लावून माझ्या दारात आणलं, कारण म्हातारीला उपाशी मारणं तिला जमणार नव्हतं. आणि मी होत नाही म्हणावं, एवढीच तिची आशा होती.

ती पुण्याला गेली नाही. नोकरीत हजर व्हायची मुदत टळली आणि ती जागा गेली. तिनं लोकांच्या रानात मजुरी केली, शिलाईकाम केलं, आणि दिवस मावळायच्या आत घर गाठलं. लग्नाला, मयताला, माहेरी कुठं मुक्काम केला नाही. भागाबाई पुष्कळ वर्षं जगली. रोज संध्याकाळी पोटभर जेवत होती ना. वस्तीतले लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, मिस्त्री, तुमी म्हातारीला जगवलं. मी व्हय म्हणायचो आणि पुढं जायचो.

गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडंच यायची. प्रज्ञा ती वरकुट्यापासून बारामतीपर्यंत आता चांगली चालवत आणायची. दर वेळी बाकावर बसायची, मी काम करीन तोवर. पोरगेली होती ती, बघता बघता तिचे केस पिकायला लागले. मी तेल काढायचो, प्लग काढायचो, कान लावून ऐकायचो. तेल स्वच्छ. प्लग कोरडे. कुठं ठोका नाही, कुठं गळती नाही. धंद्यात मी कितीतरी इंजिनं उघडली, पण आत काहीतरी मोडलेलं निघावं, असं मला फक्त त्या एका गाडीच्या बाबतीत वाटलं.

एकदा बॉनेट लावून मी हात पुसत तिच्यापुढं आलो. नेहमी मी सांगायचो आणि ती बरं म्हणायची. त्या दिवशी तिनंच आधी विचारलं.

“मिस्त्री, कायच न्हाय का निघालं?”

“न्हाय ताई,” मी म्हणालो. “ठणठणीत हाय.”

तिनं मान हलवली, पदर खोचला, सूर्याकडं एकदा बघितलं आणि उशीर होईल म्हणून लगबगीनं गाडीत बसली.